वाचनालय : पुस्तकांचे कोठार की विचारांचा पार?

पाणी, रोजगार हमी, शेतमालाचे भाव, रेशन, जमिनीचे दावे अशा प्रश्नांच्या रांगेत गावच्या वाचनालयाचा प्रश्न मांडला की कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावर एक सौम्य हसू उमटते. हा विषय फुरसतीचा आहे, मध्यमवर्गीयांचा आहे, लढ्याच्या धकाधकीतून कधी सवड मिळालीच तर पाहू, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. आमचे मत याहून निराळे आहे. लढा करण्यासाठी माणसे एकत्र यावी लागतात आणि एकत्र आलेल्या माणसांना आपापले मत बनवता, मांडता व बदलता यावे लागते. ज्या गावात असे करण्याची जागा उरलेली नाही, त्या गावात मोर्चा निघेल, सभाही भरेल. परंतु दुसऱ्या दिवशी सभेतली माणसे पूर्वी होती तिथेच परत जातील. म्हणून वाचनालयाचा प्रश्न हा आम्हांला संघटनेचा प्रश्न वाटतो, आणि या दृष्टीने त्याचा विचार आपल्या शाखांनी करावा, यासाठी हा लेखप्रपंच.

महाराष्ट्रातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या हजारोंच्या घरात आहे. आकडा लहान नाही. पण त्यांपैकी अनेकांची अवस्था सर्वांना ठाऊक आहे. काही वाचनालये तपासणी अधिकारी यायचा असेल तेव्हाच उघडतात. काहींत वर्तमानपत्रांचे टेबल तेवढे जिवंत असते आणि पुस्तकांची कपाटे कुलूपबंद असतात. किल्ली कोणाकडे, हे विचारावे लागते. अलीकडे आणखी एक प्रकार वाढला आहे. वाचनालयाच्या पाटीखाली स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका चालते. सकाळपासून रात्रीपर्यंत तरुण मुलेमुली खाली मान घालून आपापली टिपणे पाठ करीत असतात. या मुलांविषयी आमच्या मनात केवळ सहानुभूती आहे. दोन खोल्यांच्या घरात ज्याला दिवा आणि शांतता मिळत नाही, त्याला ती सार्वजनिक जागेत मिळालीच पाहिजे. परंतु शेजारी शेजारी बसलेली ही पन्नास मुले वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येकजण दुसऱ्याचा प्रतिस्पर्धी असतो. जागा थोड्या आणि उमेदवार लाखो, या बेरोजगारीच्या गणिताने वाचनालयाचेही परीक्षागृह करून टाकले आहे. हे पाहून ज्याला अस्वस्थ वाटत नाही, त्याला समाजवादाची भाषा बोलण्याचा अधिकार नाही.

वाचनालयाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. या संस्थांनी मराठी ग्रंथव्यवहार जगवला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या काळात वाचनालयाची पायरी चढू शकणारा वर्ग कोणता होता, हेही विसरून चालणार नाही. पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकाराने वाचनालय सुरू झाले त्याच १८४८ साली जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. एका बाजूला वाचू शकणाऱ्यांसाठी ग्रंथांची सोय होत होती, दुसऱ्या बाजूला ज्यांना वाचूच दिले नव्हते त्यांच्या हाती पाटी देण्याचा प्रयत्न चालला होता आणि त्यासाठी शेणगोळे सोसावे लागत होते. हे दोन प्रवाह एकत्र येण्यास फार काळ लागला. ते अजून पूर्णपणे एकत्र आलेले नाहीत, हेच आजच्या प्रश्नाचे मूळ आहे.

ग्रंथ लोकांपर्यंत नेण्याचे काम राज्यसत्तेचे आहे, ही कल्पना आपल्या देशात प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आणली ती बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. ज्या खेड्यांत ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. मुंबई प्रांतात १९३९ साली फैजी समिती नेमली गेली होती आणि टप्प्याटप्प्याने जिल्हा, तालुका व खेड्यापर्यंत ग्रंथालये पोहोचवण्याची योजना तिने मांडली. महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम मात्र १९६७ साली आला. या कायद्याने स्वयंसेवी संस्थांनी चालवलेल्या ग्रंथालयांना मान्यता आणि वर्गवार अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली. कर्नाटक व केरळ या राज्यांच्या कायद्यांत ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कराची, म्हणजे ग्रंथालय उपकराची तरतूद आहे. आपल्या कायद्यात ती नाही. परिणामी आपल्याकडचे वाचनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडाकडे पाहत बसते.

याचा प्रत्यक्ष अर्थ काय होतो, तो पाहावा. २०२२ साली शासनाने परिरक्षण अनुदानात साठ टक्के वाढ केली, तेव्हा सर्वांत खालच्या, म्हणजे 'ड' वर्गातल्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान तीस हजारांवरून अठ्ठेचाळीस हजार रुपये झाले. महिन्याला चार हजार. वाढीनंतरचा हा आकडा होता. यातच पुस्तके, नियतकालिके, वीज, जागा आणि ग्रंथपालाचे मानधन बसवायचे! खेड्यातील वाचनालय उघडणारा, झाडणारा, पुस्तके देणारा-घेणारा आणि नोंदी ठेवणारा जो एक माणूस असतो, तो शेतमजुराच्या रोजाहूनही कमी मोबदल्यावर राबतो. त्याला किमान वेतन नाही, निवृत्तिवेतनाची हमी नाही. गावाचे सांस्कृतिक केंद्र वगैरे शब्द भाषणात वापरायचे आणि त्या केंद्राची किल्ली सांभाळणाऱ्या माणसाला उपाशी ठेवायचे, हा व्यवहार लाजिरवाणा आहे. कामगारांच्या प्रश्नावर बोलणाऱ्या पक्षाने या कामगाराकडे आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही.

आता केरळकडे पाहू. १९४५ साली अंबलप्पुळा येथे पी. एन. पणिक्कर या शिक्षकाने सत्तेचाळीस ग्रंथालयांना एकत्र करून ग्रंथालय संघ स्थापन केला. तो आधी त्रावणकोरपुरता होता. राज्यनिर्मितीनंतर 'केरळ ग्रंथशाला संघम्' झाला. त्याचे कार्यकर्ते खेडोपाडी पायी फिरले. साक्षरतेच्या कामासाठी त्याला १९७५ साली युनेस्कोचा क्रुपस्काया पुरस्कार मिळाला. १९८९ च्या कायद्याने या चळवळीला कायदेशीर अधिष्ठान दिले आणि ग्रंथालयांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींची परिषद तालुक्यापासून राज्यापर्यंत उभी राहिली. पैसा, कायदा आणि लोकनियंत्रण या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आल्या. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, तिथले वाचनालय पुस्तक देण्याघेण्यावर थांबले नाही. वादविवाद, नाटक, व्याख्यान, साक्षरतेचा वर्ग या सगळ्यांचे ते ठिकाण बनले. चहाच्या दुकानात सुरू झालेला वाद वाचनालयात जाऊन तपासता येत होता आणि वाचनालयात वाचलेली गोष्ट चहाच्या दुकानात घासून पाहता येत होती.

त्याच राज्यातील विडी कामगारांचे उदाहरण तर आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे. कन्नूर भागातील विडीच्या कारखान्यांत कामगार आपल्यातीलच एकाला वाचक म्हणून नेमत. तो मोठ्याने वर्तमानपत्र वा पुस्तक वाची. बाकीचे विड्या वळता वळता ऐकत. वाचणाऱ्याच्या वाट्याच्या विड्या इतरजण वळून देत, म्हणजे त्याची मजुरी बुडत नसे. १९६९ साली उभ्या राहिलेल्या दिनेश विडी सहकारी संस्थेतही हा प्रघात चालू राहिला. या साध्या व्यवस्थेत किती मोठा विचार आहे! वाचनाला श्रमाचा दर्जा दिला गेला, त्याची किंमत सर्वांनी वाटून घेतली आणि निरक्षर माणूसही ग्रंथाचा भागीदार झाला. वाचन ऐकून झाले की त्यावर बोलणे ओघानेच येई. सोलापूर, सिन्नर, संगमनेर भागात आपल्याकडेही विडी कामगार आहेत, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. त्या आज बहुधा घरी बसून, एकेकट्या विड्या वळतात. त्यांच्या कानापर्यंत पुस्तक पोहोचवण्याचा विचार कोणत्या शाखेने केला आहे?

पुस्तकांची देवघेव आणि मतांची देवघेव या दोन वेगळ्या गोष्टी मानण्याची सवय आपल्याला लागली आहे. पुस्तक घरी न्यावे, एकट्याने वाचावे आणि परत करावे; मत मात्र सभेत मांडावे, अशी आपली विभागणी आहे. या विभागणीने दोन्हींचे नुकसान झाले. एकट्याने वाचलेले पुस्तक मनात मुरते खरे, पण ते आपल्या पूर्वग्रहांच्या सोयीने मुरते. दुसऱ्याने तेच पुस्तक कसे वाचले, हे कळल्यावाचून आपले वाचन तपासले जात नाही. 'शेतकऱ्याचा असूड' जमिनीच्या मालकाने वाचला आणि त्याच्याच बांधावरच्या मजुराने वाचला, तर दोघांना दोन निरनिराळ्या ठिकाणी थांबावेसे वाटेल. ती दोन ठिकाणे एकमेकांना कळणे, हेच राजकीय शिक्षण होय. उलट, पुस्तकाचा आधार नसलेले मत आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर क्षणात हजारोंपर्यंत पोहोचते. ते कोणी लिहिले, कशाच्या आधारे लिहिले, याची विचारपूस होत नाही. इतिहासाविषयी, दुसऱ्या धर्माविषयी, दुसऱ्या जातीविषयी वाटेल ते पाठवले जाते आणि आपले सहानुभूतिदारही ते बिनदिक्कत पुढे ढकलतात. अशा मजकुराला सभेतल्या घोषणेने उत्तर देता येत नाही. त्याला उत्तर देण्यासाठी शेजारी बसून, पान उघडून, हे कुठे लिहिले आहे ते दाखव, असे शांतपणे विचारण्याची सवय लागते. ती सवय लावण्याची जागा म्हणजे वाचनालय.

या संदर्भात काही साध्या सूचना कराव्याशा वाटतात. प्रत्येक वाचनालयात एक अभिप्राय वही असावी. पुस्तक परत करताना वाचकाने त्यात दोन ओळी लिहाव्यात : काय पटले, काय पटले नाही, कोणते पान पुन्हा वाचावेसे वाटले. पुढच्या वाचकाने त्याखाली आपले लिहावे. ज्याला नाव द्यायचे नाही त्याला तशी मुभा असावी, कारण गावात मत मांडण्याची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. महिन्यातून एकदा वाचकांची बैठक व्हावी. एकच पुस्तक ठरवावे, त्याच्या तीन-चार प्रती महिनाभर फिरत ठेवाव्यात आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्यातील एखादे प्रकरण बैठकीतच मोठ्याने वाचावे. अध्यक्षीय भाषण नको, हारतुरे नकोत, प्रमुख पाहुणा तर मुळीच नको. जो आजवर बोललेला नाही त्याने प्रथम बोलावे. एखाद्याच्या मताला विरोध करण्यापूर्वी ते मत त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगावे आणि मगच आपले म्हणणे मांडावे. हा एक नियम पाळला तरी आपल्या पक्षाच्या बैठकांसह अनेक बैठका सुधारतील!

अशा मंडळातून काय उभे राहू शकते, याचे दाखले आहेत. स्वीडनमध्ये १९०२ साली ऑस्कर ऑल्सन यांनी लुंड येथे व्यसनमुक्ती चळवळीतील साध्या माणसांचे अभ्यासमंडळ सुरू केले. शिक्षक नाही, परीक्षा नाही. मध्यभागी पुस्तक आणि भोवती माणसे. हीच पद्धत पुढे तिथल्या कामगार चळवळीने उचलली आणि अल्पशिक्षित कामगारांतून कार्यकर्त्यांच्या पिढ्या तयार झाल्या. आपल्याकडे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. त्यातून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ झाला. तुरुंगाच्या कोठडीत जे होऊ शकले ते गावच्या मोकळ्या हवेत होऊ नये, याला काही कारण नाही.

वाचनालय सार्वजनिक आहे, असे म्हणताना ते खरोखर कोणाचे आहे, हेही पाहिले पाहिजे. ते गावात कुठे आहे? वरच्या आळीत, देवळाच्या ओवरीत, की पुढाऱ्याच्या घराच्या पडवीत? दलित वस्तीतील तरुण तिथे निःसंकोच बसतो काय? मुसलमान मोहल्ल्यातील मुलगी तिथे येऊ शकते काय? संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ ठरवणाऱ्यांनी त्या वेळी चूल कोण पेटवते याचा विचार केला होता काय? बायका वाचनालयात येत नाहीत, ही तक्रार करण्याऐवजी वाचनालय बायकांकडे गेले पाहिजे. बडोद्याची फिरती पेटी शंभर वर्षांपूर्वी खेड्यात जाऊ शकली, तर आज एक पिशवीभर पुस्तके बचत गटाच्या बैठकीत, ऊसतोडीच्या कोप्यांवर, विडी कामगारांच्या वस्तीत नेणे कठीण नाही. वर्गणी आणि अनामत रक्कम ही गरिबाच्या वाटेतील पहिली धोंड असते; ती शाखेने आपल्या निधीतून उचलावी.

येथे एक अवघड प्रश्न येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. वाचनालय आपल्या कार्यकर्त्यांच्या हाती आले की त्यात आपलीच पुस्तके भरावीत, असा मोह होतो. विरोधकांची पुस्तके लोकांच्या पैशाने कशासाठी घ्यायची, असा सवाल विचारला जातो. आमचे उत्तर स्पष्ट आहे. ज्या वाचनालयात फुले, आंबेडकर, मार्क्स, गांधी, लोहिया आहेत पण सावरकर आणि गोळवलकर नाहीत, ते वाचनालय अपुरे आहे. ज्या विचाराशी आपल्याला झुंजायचे आहे तो त्याच्या मूळ शब्दांत वाचल्याशिवाय झुंज कशी देणार? प्रतिपक्षाचे पुस्तक कपाटातून काढून टाकणारा कार्यकर्ता आपल्या विचारावरचा अविश्वासच व्यक्त करीत असतो. शिवाय आज आपण जे दार बंद करू, तेच उद्या आपल्यावर बंद होईल. कारण कोणती पुस्तके असावीत हे सत्तेने ठरवायचे, हा पायंडा एकदा पडला की सत्ता कोणाची हा केवळ काळाचा प्रश्न उरतो. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात छापील शब्दावर पूर्वनियंत्रण आले तेव्हा समाजवाद्यांच्या नियतकालिकांनी त्याची झळ सोसली आहे. तो अनुभव विसरण्यासारखा नाही.

महाराष्ट्रातील गेल्या दोन दशकांचा इतिहास याहूनही गंभीर आहे. जानेवारी २००४ मध्ये एका पुस्तकाच्या निमित्ताने पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला, ग्रंथसंग्रहाची नासधूस झाली. २०१३ साली 'साधना'चे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली. २०१५ साली कोल्हापुरात गोविंद पानसरे यांना गोळ्या घालण्यात आल्या. पानसरे यांची 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिका एका भाषणातून तयार झाली, १९८८ साली प्रसिद्ध झाली आणि मुख्यतः कार्यकर्त्यांच्या झोळीतून हातोहात महाराष्ट्रभर गेली. मतभेद गोळीने मिटवू पाहणाऱ्यांना सर्वांत मोठी भीती वाटते ती अशा हातोहात फिरणाऱ्या पुस्तकाची आणि त्यावर होणाऱ्या मोकळ्या बोलण्याची. त्यांचा निषेध आपण दरवर्षी स्मृतिदिनी करतो. परंतु वर्षातील उरलेले दिवस गावात मतभेद सहन करणारी एक तरी जागा आपण चालवतो काय, या प्रश्नाचे उत्तर निषेधाच्या ठरावाने देता येणार नाही.

कोणी विचारील, याने मते मिळतील काय? पुढच्या निवडणुकीत बहुधा मिळणार नाहीत. पण पैशाचे वाटप आणि जातीची गणिते यांच्यापुढे आपला उमेदवार पुनःपुन्हा का टिकत नाही, याचा विचार केला तर असे दिसेल की, मतदाराशी आपला संबंध निवडणुकीच्या पंधरवड्यापुरता उरला आहे. वाचनालयाने जोडलेला माणूस आपला मतदार होईलच असे नाही. कदाचित तो आपल्या उमेदवारावर अधिक कठोर टीका करील. अशी टीका करणारी माणसे गावात असणे हेच लोकशाहीचे भांडवल आहे आणि समाजवादी पक्षाला त्याची भीती वाटण्याचे कारण नाही.

तेव्हा शाखांपुढे पुढील कार्यक्रम आम्ही ठेवतो. प्रत्येक सभासदाने आपल्या गावातील वा प्रभागातील सार्वजनिक वाचनालयाचे रीतसर सभासद व्हावे. ही बहुतेक वाचनालये नोंदणीकृत संस्था आहेत. त्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा होते, निदान कागदावर तरी होते. त्या सभेला हजर राहावे, जमाखर्च मागावा, पुस्तक खरेदीची यादी वाचावी आणि वर्षानुवर्षे एकाच घरात फिरणारी कार्यकारिणी निवडणुकीने बदलण्याचा प्रयत्न करावा. ती बदलल्यावर आपल्याच घरात फिरवू नये! वाचनालयावर पक्षाचा झेंडा लावू नये. तो लावला की निम्मे गाव पायरी चढणार नाही. जिथे वाचनालय नाही तिथे ग्रामपंचायतीकडे ते मागावे आणि मिळेपर्यंत चार घरांतील पुस्तके एकत्र करून फिरती पेटी सुरू करावी. राज्य पातळीवर तीन मागण्या घेऊन लढावे : १९६७ च्या कायद्यात ग्रंथालय उपकराची तरतूद, ग्रंथालय कर्मचाऱ्यांना किमान वेतन व सेवाशर्ती, आणि ग्रंथालय परिषदांवर वाचकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी.

या कामाला मोठ्या निधीची गरज नाही, वर्तमानपत्रात छायाचित्र येण्याची शक्यताही नाही. एक खोली, एक कपाट, एक वही आणि दर महिन्याला न चुकता येणारी दहा-बारा माणसे एवढे भांडवल पुरे आहे. त्यातील निम्मी माणसे आपल्याशी सहमत नसली तर काम योग्य मार्गाने चालले आहे असे समजावे. पुढील तिमाहीच्या अहवालात प्रत्येक शाखेने किती मोर्चे काढले याबरोबरच किती बैठकांत कोणते पुस्तक वाचले आणि त्यावर कोणते मतभेद निघाले, हेही लिहून पाठवावे.